घटक ४ : नदीकाठचे वन, पक्षी आणि मराठी पक्षिनामे

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• नदीकाठच्या वनाची रचना आणि पक्षिविविधता यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• मराठी पक्षिनामांच्या घडणीचे प्रकार सोदाहरण सांगता येतील.
• अधिवासाचे संवर्धन आणि शब्दसंपदेचे जतन यांतील नाते विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

मुळशी तालुक्यातून येणारी मुळा नदी पौडवरून, पिरंगुटच्या उत्तरेकडून पुण्याकडे वाहते. पुढे तिला प्रथम पवना आणि नंतर मुठा मिळते. पिरंगुट परिसरात आज कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले उभी आहेत. तरीही नदीच्या आणि ओढ्यांच्या काठी झाडीचे काही पट्टे टिकून आहेत. या पट्ट्यांतील पक्षी आणि त्यांची मराठी नावे हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे. शब्दाचा अभ्यास करताना तो ज्या वस्तूचा निर्देश करतो, ती कोठे आणि कशी टिकते, हेही पाहावे लागते. म्हणूनच भाषेच्या अभ्यासक्रमात या विषयाला स्थान आहे.

४.३ नदीकाठच्या वनाची रचना

नदीकाठच्या वनाचा पट्टा अरुंद असतो. परंतु त्यात अनेक अधिवास एकमेकांना लागून असतात. पाण्यालगत वाळुंज, काठावर करंज, जांभूळ आणि उंबर, त्यांच्याखाली झुडपे व पालापाचोळा, आणि मुळांनी धरून ठेवलेली मातीची दरड अशी ही रचना असते. प्रत्येक स्तराचे पक्षी वेगळे असतात. हरियाल आणि राखी धनेश उंबराच्या फळांसाठी येतात. शिंपी आणि सातभाई झुडपांत वावरतात. खंड्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले धोबी पाण्याच्या कडेने शेपटी हलवत फिरतात.

उन्हाळ्यात भोवतालचे डोंगर पानगळीने उघडे पडतात, तेव्हा ओलाव्यामुळे हिरवा राहिलेला हा पट्टा पक्ष्यांचा आसरा ठरतो. जुन्या वृक्षांचे महत्त्व तर विशेष आहे. राखी धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला अरुंद फटीतून अन्न भरवतो. अशी ढोली जुन्या झाडातच तयार होते. ते झाड तोडून दहा रोपे लावली, तरी त्या वर्षीच्या धनेशाला घर मिळत नाही.

४.४ पक्षिनामांची घडण

मराठी पक्षिनामे मुख्यतः चार प्रकारे घडलेली दिसतात.

(अ) ध्वनीवरून : ‘टिटवी’ हे नाव पक्ष्याच्या आवाजाचे थेट अनुकरण आहे. ‘तांबट’ मात्र दोन पायऱ्यांनी घडले आहे. पक्ष्याचा ‘टुक् टुक्’ आवाज तांब्याची भांडी घडवणाऱ्याच्या हातोडीसारखा वाटला आणि कारागिराचे नाव पक्ष्याला मिळाले.
(आ) कृतीवरून : पाने शिवून घरटे करणारा शिंपी, खोड कोरणारा सुतार, पाण्याकाठी वावरणारा धोबी. गावातील व्यवसायांची व्यवस्था येथे रानावर आरोपित झाली आहे.
(इ) रंगावरून : हळदीच्या रंगाचा हळद्या. काळ्यापांढऱ्या रंगाच्या खंड्याला ‘कवड्या खंड्या’ म्हणतात. जातिवाचक नामापूर्वी विशेषण जोडून पोटभेद दाखवण्याची ही रीत अनेक भाषांत आढळते.
(ई) समूहवर्तनावरून : थव्याने राहणारे सातभाई.

या नावांमागे निरीक्षण आहे. परंतु ते निरीक्षण संस्कृतीच्या चौकटीतून झालेले आहे. ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव याचे उत्तम उदाहरण होय. विणकामाचे कौशल्य स्त्रीकडे कल्पून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर.

बोलींतील अशी नावे नोंदवण्याचे मोठे कार्य मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ‘पक्षिकोशा’त केले. कोशामुळे नाव टिकते. त्या नावाचा अनुभव टिकण्यासाठी पक्षी टिकावा लागतो.

४.५ एक उदाहरण : पावशा

पावसाळ्याच्या तोंडावर ऐकू येणारी पावशाची साद मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. हिंदी भाषकाला त्याच सादेत ‘पी कहाँ’ हा विरहिणीचा प्रश्न ऐकू येतो, तर इंग्रजीत त्याच आवाजावरून त्याला ‘ब्रेनफीव्हर’ पक्षी म्हटले गेले. ध्वनी एकच, अर्थ मात्र प्रत्येक भाषिक समाजाने आपल्या जीवनातून घातला.

आता या सादेचा पर्यावरणीय आधार पाहू. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. तो आपली अंडी सातभाईंसारख्या पक्ष्यांच्या घरट्यात घालतो. सातभाईंना अन्नासाठी पालापाचोळा आणि आश्रयासाठी झुडपे लागतात. काठाच्या सुशोभीकरणासाठी झुडपे काढून तेथे हिरवळ लावली, तर सातभाई दूर जातात आणि त्यांच्यामागोमाग पावशाही दुर्मीळ होतो. मग ‘पेरते व्हा’ हे शब्द केवळ पुस्तकात उरतात. झुडूप ते शब्द अशी ही साखळी आहे.

४.६ संवर्धनाची दिशा

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेण्यात आला. त्यांपैकी १७८ प्रजाती संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्याच्या ठरल्या. यामागे अधिवासांचा ऱ्हास हे एक प्रमुख कारण आहे. नदीकाठी सांडपाणी, भराव आणि वृक्षतोड यांबरोबर एक कमी दिसणारे कारणही असते : दगड वा काँक्रीटने बांधलेला काठ. तो नीटनेटका दिसतो, परंतु त्यात खंड्याला बीळ कोरता येत नाही.

ब्राझीलच्या वनसंहितेने दहा मीटरपर्यंत रुंदीच्या नद्यांच्या दोन्ही काठांवर ३० मीटरचा वनस्पतींचा पट्टा राखण्याचे सर्वसाधारण प्रमाण ठरवले आहे. आपल्याकडील देवराया हे लोकश्रद्धेने राखलेल्या वनाचे उदाहरण आहे. दोहोंतून एकच तत्त्व निघते : काही जागा मुद्दाम न हाताळता ठेवाव्या लागतात. जुनी झाडे, झुडपांचा थर आणि मातीची दरड राखणे ही नदीकाठच्या संवर्धनाची किमान अट होय.

४.७ सारांश

नदीकाठच्या वनातील स्तरांमुळे तेथे पक्षिविविधता नांदते. मराठी पक्षिनामांत ध्वनी, कृती, रंग आणि समूहवर्तन यांचे निरीक्षण साठवलेले आहे. अधिवास नष्ट झाला की नाव कोशात उरते, पण त्याचा अर्थ अनुभवाला येत नाही. म्हणून शब्दसंपदेचे जतन आणि वनाचे संवर्धन ही परस्परपूरक कार्ये आहेत.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘टिटवी’ आणि ‘तांबट’ या नावांच्या घडणीतील फरक स्पष्ट करा.
२. ‘सुगरण’ या नावातून कोणती सांस्कृतिक धारणा व्यक्त होते?
३. पावशाच्या उदाहरणाच्या आधारे अधिवास आणि भाषा यांचा संबंध विशद करा.

४.९ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळील नदी किंवा ओढ्याच्या काठी सलग चार रविवार सकाळी एक तास थांबा. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद करा. मग गावातील वयस्क व्यक्तींकडून, विशेषतः गुराखी, कोळी आणि शेतकरी स्त्रिया यांच्याकडून, त्या पक्ष्यांची स्थानिक नावे जशी उच्चारली जातात तशीच लिहून घ्या. ज्या पक्ष्याचे नाव त्यांना आठवते, पण जो आता दिसत नाही, त्याची स्वतंत्र यादी करा आणि तो ज्या झाडावर वा जागी दिसत असे, तिची आजची स्थिती नोंदवा.