जॅझ गिटार : ऐकायला कुठून सुरुवात करावी?



"स्मरणिकेसाठी काहीतरी माहितीपर द्या, पण कॉम्प्युटरवर नको," असा समितीचा प्रेमळ आदेश आला, म्हणून हा लेख जॅझ गिटारवर. आम्ही दोघंही इंजिनीअर, संगीताचं शिक्षण शून्य. ऑफिसला जाता-येता गाडीत ऐकून जे समजलं तेवढंच इथे मांडतोय. जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

आमची सुरुवात चुकीचीच झाली. कुणीतरी सांगितलं, "पहिल्यापासून ऐका, म्हणजे समजेल." आम्ही एक स्वस्तातला संच घेतला. त्यावर ना तारखा, ना वादकांची नावं. पहिलाच वादक चार्ली ख्रिश्चन. हा जॅझ गिटारचा आद्यपुरुषच म्हणा ना! पण ऐकू काय आलं? पत्र्याच्या डब्यात कोणीतरी खडे हलवतोय आणि मागे पाऊस पडतोय. दोन दिवस नेटाने ऐकलं आणि संच कपाटात गेला. मग दुसरं टोक गाठलं. अगदी स्वच्छ, गुळगुळीत रेकॉर्डिंगं, हॉटेलच्या लिफ्टमध्ये लावतात तशी. आवाज छान, पण जीव नाही. असं वाटायला लागलं की जिवंत वाजवलेलं हवं तर खरखर सोसा, आणि स्वच्छ हवं तर झोप काढा.

हा गैरसमज दूर झाला तो बाबांमुळे. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. तरुणपणी सांगलीत तबला शिकलेले, आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकलेले. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले तेव्हा नुकतंच कानाचं मशीन लागलं होतं. आल्या आल्या आम्ही हौसेने त्यांच्या आवडीची सीडी लावली. पाच मिनिटांत म्हणाले, "बंद कर रे. तंबोरा हलतोय." आम्हाला काही हलताना ऐकू येईना. पुढे त्यांनी गाणं लावूच दिलं नाही. ज्या माणसाची सकाळ रेडिओशिवाय उजाडली नाही, तो खिडकीशी गप्प बसून राहायचा. आम्हाला काय करावं ते कळेना.

थोडं शोधल्यावर कारण समजलं. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतो. मशीन बनवलेलं असतं मुख्यतः बोलणं समजावं म्हणून. एकसारखा लांब सूर आला की त्याला वाटतं ही मशीनचीच शिट्टी आहे, आणि ते तो सूर दाबायला बघतं. तंबोरा, बासरी यांचा बळी जातो तो असा. कित्येक मशीनमध्ये संगीतासाठी वेगळी सोय असते. ती चालू करून द्या असं तपासणाऱ्याला सांगावं लागतं, आणि बाबांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. (घरात कुणाला मशीन असेल तर एवढं एक तरी विचारून घ्या.)

ती सोय चालू करून घेतली, थोडा फरक पडला. त्याच आठवड्यात गाडीत वेस माँटगोमेरी लागला होता. मागच्या सीटवरून आवाज आला, "हे काय लावलंयस रे? वाढव जरा."

आता यातली गंमत बघा. गिटारची सर्वांत जाड तार सुटी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ कंपनं होतात, आणि अगदी शेवटच्या पडद्यांवर गेलं तरी मूळ सूर बाराशेच्या आसपासच थांबतो. जॅझवाले त्यातही ॲम्प्लिफायरवर धार कमी करून मऊ, गोल आवाज ठेवतात. वेस तर प्लेक्ट्रम वापरतच नसे, नुसत्या अंगठ्याने वाजवायचा. इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबमध्ये वादन. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठ्याने सराव करायचा, असं सांगतात. म्हणजे उतारवयातल्या कानाला जे अजून नीट ऐकू येतं, नेमक्या त्याच पट्ट्यात हे वाद्य बोलतं. शिवाय प्रत्येक सूर छेडला की थोड्या वेळात विरतो, मशीनला शिट्टीचा संशय यायला फारसा वाव नाही.

मग आम्ही पद्धतशीर शोध सुरू केला. आमची युक्ती एकच : कव्हर उलटं करा आणि मागची बाजू वाचा. कधी, कुठे, कोणी कोणी एकत्र बसून वाजवलं आणि ध्वनिमुद्रण कोणी केलं, हे तिथे लिहिलेलं असतं. हल्ली सीडी कुणी घेत नाही, पण तीच माहिती थोडी शोधाशोध केली की मिळते. जिथे यातलं काहीच लिहिलेलं नाही, ते सरळ सोडा. जुन्या मोनो रेकॉर्डला कृत्रिम स्टिरिओ केलं असेल तर तेही सोडा. गावातल्या पब्लिक लायब्ररीत यातलं बरंच फुकट मिळतं, नसेल तर ते दुसरीकडून मागवून देतात. फुकट म्हटल्यावर बाबांचा उत्साह दुप्पट!

कव्हरच्या मागे जे नाव सारखं सारखं दिसायला लागलं ते रूडी व्हॅन गेल्डर. पेशाने चष्म्याचे डोळे तपासणारा. हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ साली त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, लाकडी आणि देवळाच्या सभामंडपासारखा उंच, छत ३९ फुटांवर. २०१६ मध्ये तो वारला. आपण जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजच्या ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत उभे असतो ना, तिथून हे गाव अगदी जवळ!

केनी बरेलचा 'मिडनाइट ब्लू' जानेवारी १९६३ मध्ये तिथेच झाला. गिटार, सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि कोंगा. पियानो नाहीच. त्यामुळे गिटारला भोवती भरपूर मोकळी जागा मिळते. सुरुवात यानेच करा, असं आम्ही सर्वांना सांगतो. त्याच वर्षीचा ग्रँट ग्रीनचा 'आयडल मोमेंट्स'ही तिथलाच. पहिली चीज संथ आहे, जवळजवळ पंधरा मिनिटांची. किती मात्रांनी फेरी पूर्ण धरायची यावर वादकांचाच गोंधळ झाला आणि ती लांबत गेली. पण वाजली इतकी सुंदर की तशीच ठेवली, आणि रेकॉर्डवर मावावं म्हणून बाकीच्यांपैकी काही चिजा छोट्या करून पुन्हा वाजवल्या. चैतन्य हवं असेल तर त्यातलंच 'जाँ द फ्लेर' लावा.

पश्चिम किनाऱ्यावरचा नमुना म्हणजे 'द पोल विनर्स', १९५७. बार्नी केसल, रे ब्राउन आणि शेली मॅन, तिघेच. कंपनीच्या मालाच्या गोदामात रॉय डुनॅनने हे टिपलं, आणि आजही तिघे समोर बसल्यासारखे वाटतात. एक सूचना : त्या काळच्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डवर गिटार पूर्ण एका बाजूला असते. एकाच कानाने ऐकणाऱ्याला अर्धंच संगीत मिळतं. फोनमध्ये मोनोची सोय असते, ती चालू करा. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि म्हणे इंजिनीअर!

आता वेसचा 'स्मोकिन ॲट द हाफ नोट', १९६५. मूळ रेकॉर्डवरच्या पहिल्या दोन चिजा न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमधल्या आणि उरलेल्या तीन नंतर व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत केलेल्या. पियानोवर विंटन केली, बास पॉल चेंबर्स, ड्रम जिमी कॉब. पहिली चीज 'नो ब्लूज'. इथे बाबांनी आम्हाला शिकवलं. डोळे मिटून बोटांवर मोजत होते. मध्येच म्हणाले, "अरे, हा तीनताल आहे!"

आम्ही हसलो, पण हिशेब बघा. ब्लूजची एक फेरी बारा बारची, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, एकूण ४८. म्हणजे तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं! फेरीचे भागही तीनच, सोळा सोळा मात्रांचे. झोल वेगळा आहे, टाळी-खाली नाही, पण मोजायला काय हरकत? प्रत्येक तिसऱ्या आवर्तनानंतर सगळे मिळून 'घरी' येतात. ती समेची जागा एकदा सापडली की वादक आता काय धाडस करतोय ते कळायला लागतं. वेस आधी एकेरी सुरांत वाजवतो, मग तीच गोष्ट दोन सप्तकांत एकदम, मग भरगच्च कॉर्डमध्ये. बढत म्हणतो तीच ही. ज्यांनी ख्याल ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सुरुवातीला वेग झेपला नाही तर 'मिडनाइट ब्लू'मधल्या 'चिटलिन्स कॉन कार्ने'वर सराव करा, तिथे कोंगाचा ठेका आधाराला आहे.

बाबा परत जायच्या आधी आम्ही कपाटातला तो संच बाहेर काढला. वेस हे सगळं चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डवरून कानाने शिकला, हे वाचल्यामुळे. १९३९ ला बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि मार्च १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय २५. एवढीच कारकीर्द. त्यात स्टुडिओच्या रेकॉर्डवर तीन मिनिटांची मर्यादा. १९४१ साली हार्लेमच्या मिंटन्स क्लबमध्ये जेरी न्यूमन नावाचा कॉलेजचा विद्यार्थी स्वतःचं रेकॉर्डिंग मशीन घेऊन जायचा, म्हणून त्याचं लांबलचक, मनमोकळं वादन आज ऐकायला मिळतं. 'स्विंग टु बॉप' त्यातलंच.

या वेळी खरखर तशीच होती. बाबांना तर ती आमच्याइतकी ऐकूही येत नव्हती! त्यांना फक्त गिटार ऐकू येत होती. निम्मं झाल्यावर म्हणाले, "याचाच तो अंगठेवाला शिष्य ना?"

आता दर रविवारी सांगलीहून फोन येतो. आधी हवापाणी, मग नातवाची चौकशी, आणि मग, "या आठवड्यात काय पाठवतोयस? मागची बाजू वाचली आहेस ना नीट?"