मरुनगरीचे ताट

जोधपूरला आलेल्या प्रवाशाची दृष्टी प्रथम वेधून घेतो तो मेहरानगड. राव जोधा याने १४५९ साली उंच कातळावर या किल्ल्याचा पाया घातला आणि त्याच्या पायथ्याशी हे नगर वाढले. निळ्या रंगाची घरे, अरुंद गल्ल्या आणि त्यापलीकडे पश्चिमेकडे दूरवर पसरत गेलेले थरचे वाळवंट, असा येथील देखावा आहे. वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास. आणि तोही दर वर्षी पडेलच असा भरवसा नाही. किल्ला चढून-उतरून थकलेल्या प्रवाशापुढे मात्र त्या वेळी एकच प्रश्न असतो : जेवावे कोठे?

सोपे उत्तर समोरच उभे असते. किल्ल्याच्या वाटेवरील एखाद्या मोठ्या उपाहारगृहाच्या फलकावर देशोदेशीच्या पदार्थांची नावे लिहिलेली असतात. तेथील अन्न वाईट असते असे नाही. परंतु तेच अन्न त्याला कोणत्याही शहरात मिळाले असते. त्यासाठी वाळवंटापर्यंत येण्याचे काही कारण नव्हते.

मग प्रवासी एखाद्या रिक्षावाल्याला विचारतो, “चांगले हॉटेल कोठे आहे?” रिक्षावाला पाहुण्याच्या पोशाखाकडे पाहतो आणि त्याला महागड्या हॉटेलाच्या दारी नेऊन सोडतो. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पाहुण्याला जे चांगले वाटेल असे त्याला वाटले, ते त्याने दाखविले. चूक असते ती प्रश्नात. जाणता प्रवासी कापडाच्या दुकानात चार पैशांची खरेदी करतो आणि सहज विचारतो, “भाईसाहेब, आपण दुपारी कोठे जेवता?”

“मी होय?” दुकानदार हसतो. “माझा तर घरून डबा येतो, साहेब. पण आमच्या दुकानातला हा मुलगा गावाकडचा आहे. तो मंडईजवळच्या भोजनालयात जेवतो. त्याला विचारा.”

या उत्तरात शोधाची किल्ली आहे. ज्यांचे घर शहरात आहे ते घरीच जेवतात. भोजनालयात रोज जेवतो तो घरापासून दूर राहणारा माणूस : खेड्यातून आलेला नोकर, कचेरीतील कारकून, विद्यार्थी, धान्य घेऊन आलेला शेतकरी. त्याला रोजच्या जेवणात घरची चव हवी असते आणि दामही बेताचे हवे असतात. अन्न बिघडले तर तो दुसऱ्या दिवशी तेथे पाऊल टाकीत नाही. म्हणून धान्याची मंडई, न्यायालय आणि बसस्थानक यांच्या आसपासची, दुपारी गजबजलेली भोजनालये शोधावीत. जेथे माणसांची रीघ असते तेथे शिळे उरण्यास अवसर मिळत नाही. पिण्याच्या पाण्याची काळजी मात्र प्रवाशाने स्वतःच घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

ताट पुढे आले की नवख्या माणसाला थोडे आश्चर्य वाटते. हिरवी पालेभाजी त्यात फारशी दिसत नाही. बाजरीची जाड भाकरी असते. तिला मारवाडात ‘सोगरा’ म्हणतात. गट्ट्याची भाजी असते. तिच्यासाठी बेसनाचे घट्ट वळे उकडतात, त्यांचे तुकडे करतात आणि ते ताकाच्या किंवा दह्याच्या रश्शात सोडतात. पापडाचीही भाजी असते! मुगाच्या वाळविलेल्या वड्यांचीही असते. उन्हाळ्यात ‘राब’ मिळते. बाजरीचे पीठ ताकात शिजवून ती केलेली असते आणि थंड करून प्याली जाते. ही सारी रचना कोणी हौसेने केलेली नाही. ज्या प्रदेशात भाजीला पाणी घालणे परवडत नव्हते, तेथे माणसाने गुरे पाळली, दूधदुभत्याचा आधार घेतला, आणि जे जे वाळवून ठेवता येईल ते ते वाळवून ठेवले.

या ताटातील सर्वांत मोलाची भाजी कैर-सांगरीची. कैर हे एका काटेरी, जवळजवळ पर्णहीन झुडपाचे बारीक फळ. ते कडवट असते, म्हणून काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवावे लागते. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाची कोवळी शेंग. उन्हाळा चढू लागला की बायामाणसे ती तोडतात, उकळतात आणि उन्हात वाळवितात. वाळलेली सांगरी वर्षभर टिकते, आणि तिची तेलात केलेली कोरडी भाजी प्रवासात काही दिवस तरी खराब होत नाही.

हे खेजडीचे झाड महाराष्ट्राला परके नाही. दसऱ्याला पूजिली जाणारी शमी ती हीच. मारवाडात मात्र तिच्याशी जीवन-मरणाचे नाते आहे. १८६८-६९ च्या भीषण दुष्काळात लोकांनी तिची साल दळून तिच्या भाकरी केल्या आणि त्यावर प्राण जगविले. त्याही आधी, १७३० साली, जोधपूरच्या महाराजांना नव्या वाड्यासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवावयाच्या होत्या. लाकडासाठी त्यांची माणसे जवळच्या खेजडली गावी गेली. तेथील बिश्नोई लोक हिरवे झाड तोडणे पाप मानीत. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि तेथेच तिचा वध झाला. तिच्या मुलींनी तिचे अनुकरण केले. मागोमाग गावोगावचे लोक पुढे आले. एकूण ३६३ माणसांनी त्या झाडांसाठी प्राण दिले, तेव्हा कुठे तोड थांबली. १९८३ साली खेजडीला राजस्थानचा राज्यवृक्ष म्हणून मान मिळाला. तरीही अलीकडे पश्चिम राजस्थानात सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली गेली आणि त्याविरुद्ध लोकांना पुन्हा आंदोलने करावी लागली.

म्हणूनच सांगरी स्वस्त नाही. शेंगा काट्यांतून हाताने तोडाव्या लागतात. वाळलेल्या सांगरीचा भाव कित्येकदा बदामाशी स्पर्धा करतो. ज्या भोजनालयात अल्प दामात वाटीभर कैर-सांगरी रोज मिळते, तेथे जरा शंका घ्यावी. आणि “आज नाही, साहेब,” असे जो मालक सरळ सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी अवश्य जावे.

जेवणाखेरीज जोधपूरच्या हलवायांचे राज्य निराळेच. त्यांच्याकडे जाताना घड्याळ पाहावे लागते. सकाळी कांद्याची कचोरी कढईतून निघत असते. मिरची बडा सायंकाळच्या सुमारास, गरम असतानाच खावा. मोठी हिरवी मिरची चिरून तिच्यात बटाट्याचे सारण भरतात, बेसनात बुडवून तळतात, आणि येथील लोक ती चक्क पावाबरोबर खातात. पाकात बुडविलेली मावा कचोरी एकट्याने संपविणे कठीण. दुपारच्या उन्हात मखनिया लस्सी घ्यावी. ती इतकी दाट असते की तिच्यासाठी पेल्याबरोबर चमचा देतात.

निघण्यापूर्वी प्रवासी घंटाघराच्या बाजारात जातो. तेथे पोत्यांतून वाळलेली कैर, सांगरी आणि मथानियाची लालभडक मिरची मांडलेली असते. सांगरी बारीक, एकसारखी पाहून घ्यावी. शेंगेत बी मोठे झाले असेल तर ती जून समजावी. दुकानदार पुडी बांधता बांधता कृतीही सांगतो : रात्री भिजत घालावी, सकाळी उकडावी, मग तेल, तिखट आणि आमचूर. “आणि पाणी जपून घाला,” असे तो शेवटी बजावतो.