खेळण्याला घाम का येतो?

खेळणी फक्त लहानांची, असे तुम्हांला वाटते ना? १९६४ साली अमेरिकेत ‘जी. आय. ज्यो’ हा हातपाय हलवता येणारा, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा सैनिक विक्रीस आला. १९७८ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पात्रांचे सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांचे पुतळे आले. त्यांच्याशी खेळलेली कितीतरी मुले मोठेपणी तेच पुतळे हौसेने जमवू लागली.

परंतु जुना पुतळा कधी कधी हाताला चिकट लागतो. पुसला तरी पुन्हा चिकट होतो. असे का बरे होते?

पीव्हीसी हे मुळात कडक प्लॅस्टिक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखा द्रव मिसळतात. या द्रवाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात. मात्र रासायनिक बंधाने जोडले जात नाहीत. त्यामुळे ते हळूहळू पृष्ठभागावर येतात. उष्णतेने हा वेग वाढतो. द्रव निघून गेला, की प्लॅस्टिक ताठर होऊन तडकते.

तुमच्या कंपासपेटीतही हेच घडते. मऊ प्लॅस्टिकचे खोडरबर पट्टीला चिकटते आणि पट्टीवर खळगा पडतो. खोडरबरातील द्रव पॉलिस्टायरीनच्या पट्टीत शिरून तिला मऊ करतो!

म्हणून जाणकार संग्राहक पुतळे थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. त्यांचे मऊ भाग कडक प्लॅस्टिकला टेकू देत नाहीत. ही झीज थांबत नाही, पण मंदावते.

आता सांगा पाहू, नव्या खोडरबराभोवती कागदी वेष्टन कशासाठी असते?