परमुलखी सेवेस गेलेले लेकरू आणि घरचे मायबाप

वारकरी मायबापहो, हल्ली गावोगाव कीर्तनास गेलो म्हणजे आरतीनंतर जे प्रश्न आम्हांस विचारले जातात, त्यांत एक नवा प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. पूर्वी आईबाप विचारीत, "महाराज, मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, त्याचं मन देवाकडे कसं राहील?" आता विचारतात, "महाराज, पोर शिकलं-सवरलं, चार पैसे मिळवील असं वाटलं होतं; ते आफ्रिकेत दुखणाइतांची सेवा करायला गेलं. पगार म्हणावा तर पोटापुरता. काम चांगलं आहे हो, पण आमचा जीव थाऱ्यावर नाही. त्याच्याशी नातं राखावं कसं?"

हा प्रश्न वरून दिसतो तेवढा लहान नाही. पोटासाठी गेलेल्याला 'पुरे झालं, परत ये' असे म्हणता येते. लोभाने गेलेल्यावर रागावता येते. परंतु सेवेसाठी गेलेल्यावर रागावताही येत नाही आणि धीरही धरवत नाही. अशा वेळी आईबापांचे प्रेमच कधी कधी लेकराच्या पायातली बेडी होते. म्हणून या विषयाचा आम्ही यथामति विचार करीत आहो.

पूर्वपक्ष

प्रथम विरुद्ध बाजू ऐकू. कोणी म्हणेल, "आपला पंथ पुंडलिकाच्या पुण्याईवर उभा आहे. पुंडलिकाने काय केले? आईबापांची सेवा केली. त्या सेवेला भुलून देव पंढरीस आला. मग आईबापांना घरी टाकून सातासमुद्रापलीकडच्या लोकांची सेवा करणारा मुलगा पुंडलिकाच्या वाटेने गेला की उलट वाटेने?"

आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आमचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की, आईबाप अंथरुणाला खिळले आहेत, पाणी द्यायला दुसरे कोणी नाही, अशा घरातला मुलगा परमुलखी सेवेस निघाला, तर त्याला थांबवावे. ती सेवा त्याच्या दारातच आहे. हा नियम मोडून दूरची सेवा गोड लागत असेल, तर ती सेवा नसून हौस आहे.

परंतु आईबाप हिंडते-फिरते आहेत, घर चालले आहे, केवळ डोळ्यांसमोर मूल नाही एवढेच दुःख आहे, तर मग उत्तराचा दुसरा भाग ऐकावा. पुंडलिकाच्या कथेत देव दारी आला तेव्हा पुंडलिक उठला नाही. हाती घेतलेली सेवा अर्धी टाकून तो देवाला भेटायलाही गेला नाही. त्याने वीट पुढे केली आणि देव तीवर उभा राहिला. देवाने रागावून पाठ फिरवली नाही, की 'माझ्यापेक्षा तुला हे मोठे झाले का' असे विचारले नाही. कर कटावर ठेवून तो थांबला, तो आजतागायत थांबला आहे.

मायबापहो, आपण या कथेत नेहमी पुंडलिकाकडे पाहतो. आज थोडे विटेकडे पाहू या. ज्याच्या हातात सेवा आहे, त्याच्यासाठी प्रेमाने थांबणे हीसुद्धा भक्ती आहे, आणि ती प्रत्यक्ष देवाने करून दाखविली. लेकरू कुणा तापकऱ्याच्या उशाशी बसले आहे आणि इकडे आपण फोन घेऊन तळमळतो आहो, अशा वेळी ती वीट आपल्या पायाखाली आहे असे समजावे. देवाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

नंद-यशोदेचा दाखला

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात छेचाळिसावा अध्याय आहे. भगवान मथुरेस गेले, कंसाचा वध झाला, कामे वाढली. गोकुळात परत येणे होईना. तेव्हा भगवंतांनी उद्धवास बोलावून सांगितले की, व्रजात जा आणि आमच्या मातापित्यांना सुख होईल असे कर. गोपींना निरोप आहेच, पण आधी नाव मातापित्यांचे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उद्धव संध्याकाळी गोकुळात पोहोचला. नंदबाबांनी त्याला जेवू घातले, विसावा दिला आणि मग विचारायला सुरुवात केली. काय विचारले? 'आमची त्याला आठवण येते का? आईची, सवंगड्यांची, गाईंची, वृंदावनाची आठवण येते का? आपल्या माणसांना बघायला एकदा तरी येईल का?' यशोदा काही बोलली नाही; ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बोलता बोलता रात्र सरली. उद्धवही एका रात्रीत परतला नाही, तो काही महिने तेथे राहिला.

यातून तीन गोष्टी घ्याव्यात. एक, दूर गेलेल्या लेकराने निरोप पाठविलाच पाहिजे. जगाचे काम डोक्यावर असलेल्या भगवंतांनीही तो पाठविला. दोन, आईबापांनी आठवण विचारावी, त्यात पाप नाही. पण नंदबाबांनी 'का गेला' असा जाब विचारला नाही. तीन, निरोप आणणाऱ्याजवळ बसून सविस्तर ऐकावे. लेकराचा सोबती सुटीवर गावाकडे आला, तर त्याला घरी बोलवावे, जेवू घालावे. फोनवर जे कळत नाही, ते अशा माणसाकडून कळते.

पुढे ब्याऐंशीव्या अध्यायात सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी कुरुक्षेत्री सर्वांची भेट झाली. राम-कृष्णांनी आईबापांना मिठी मारली आणि कंठ दाटून दोघांनाही काही बोलवेना. एवढी वर्षे दूर राहूनही ती गाठ सैल झाली नव्हती, हे त्या न बोलण्यातच आले.

पंढरीच्या शेजारचा दाखला

पुराणातला दाखला देवाचा झाला, माणसाचा सांगा, असे कोणी म्हणेल. तोही आपल्या पंढरीच्या जिल्ह्यातलाच आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० सालचा. मुंबईत वैद्यकी शिकून ते पुढच्या अभ्यासाची तयारी करीत होते. १९३८ साली जपानच्या आक्रमणाखाली भरडलेल्या चीनला वैद्यकीय मदत पाठवावी असे राष्ट्रसभेने ठरविले, आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. त्यांत नागपूरचे डॉक्टर चोळकर होते आणि सोलापूरचे कोटणीस होते. घरच्यांची संमती विचारून ते गेले. चीन म्हणजे काय, हे त्या काळी घरात फारसे कुणाला ठाऊकही नव्हते.

ते तिकडे असतानाच वडील वारले. बातमी पोहोचली. परत जा असे सोबत्यांनी सांगितले, पण हाती घेतलेले काम टाकून ते निघाले नाहीत. येथे घाईने 'धन्य' म्हणून पुढे जाऊ नये. सोलापुरातल्या त्या घरात त्या दिवसांत काय झाले असेल, त्या माउलीने कुणाच्या गळ्यात पडून रडावे, याचा विचार करावा. सेवेची किंमत केवळ जाणारा देत नाही, घरी राहणाराही देतो. बहुधा घरी राहणाऱ्याचे नाव कोठे लिहिले जात नाही, एवढाच भेद.

कोटणीस पुढे उत्तर चीनमधील बेथ्यून शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी १९४१ साली त्यांचा विवाह झाला. मुलगा झाला, त्याचे नाव इनहुआ ठेवले. त्या नावात भारत आणि चीन हे दोन्ही देश आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस तेथेच वारले. मुलगा त्या वेळी चार महिन्यांचाही नव्हता. पुढे त्यांच्या पत्नी भारतात येऊन कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या. त्या २०१२ साली निवर्तल्या. कोटणीसांच्या सोलापुरातील घराचे आज स्मारक झाले आहे. पंढरीला जाता-येता सोलापुरी मुक्काम पडला, तर वारकऱ्यांनी ते अवश्य पाहावे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला, तो जुन्या मंडळींना आठवत असेल.

हा दाखला आम्ही भिववण्यासाठी दिला नाही. त्या काळी पत्राला आठवडेच्या आठवडे लागत, आणि युद्धात ते पोहोचेल याचा भरवसा नसे. आज लेकराचा चेहरा हातातल्या फोनवर दिसतो. साधन एवढे वाढले, तरी तळमळ कमी झाली नाही. तेव्हा उणीव साधनात नसावी. साधन वापरण्याच्या रीतीत काही शिकायचे राहिले असावे.

फोन कसा करावा

आमच्या दिंडीतील एका माळकरी गृहस्थांची गोष्ट सांगतो. मुलगी परिचारिका, दक्षिण सुदानात दोन वर्षांच्या सेवेला गेली. हे दिवसातून तीन-तीन वेळा फोन करायचे. उचलला नाही की इकडे जेवण बंद. तिने थोडे काही सांगितले की, "उद्याच्या उद्या निघून ये." शेवटी मुलीने सांगणेच सोडले. तिला हिवताप झाला, आठ दिवस अंथरुणाला होती, तरी 'कामात होते' एवढेच बोलली. महिन्याने मैत्रिणीकडून कळले. बाप आमच्यापाशी येऊन रडले, म्हणाले, "महाराज, लेक आमच्याशी खोटं बोलली." आम्ही म्हटले, "बाबा, ती खोटं बोलली, कारण तुमचं भय तिला तापापेक्षा जड झालं."

त्यानंतर आम्ही त्यांस जे नियम सांगितले, तेच येथे देतो.

पहिला नियम, वार ठरवावा. वारी आपण रोज करीत नाही. तिथीला करतो, पण चुकवीत नाही. नात्याला बळ त्या नेमाने येते. आठवड्यातून एक-दोन वेळा ठरलेल्या वेळी बोलावे आणि ती वेळ लेकराने ठरवावी. घड्याळाचा भेद ध्यानी ठेवावा. केनियाचे घड्याळ आपल्या मागे अडीच तास, दक्षिण सुदानचे साडेतीन तास. आपण पहाटे चारला काकड्याच्या वेळी उठून फोन लावला, तर केनियात रात्रीचा दीड वाजलेला असतो. उलट आपला सायंकाळचा साडेसातचा हरिपाठ आटोपला की तिकडे पाच-साडेपाच होतात. ती वेळ बरी.

दुसरा नियम, पहिला प्रश्न 'कधी येणार' हा नसावा. आधी त्याच्या दुखणाइतांची विचारपूस करावी. 'परवा म्हणत होतास ते पोर बरं झालं का?' एवढे विचारले की लेकराला कळते, आईबाप माझ्याबरोबर आहेत. जेवणाखाण्याचे मग विचारावे.

तिसरा नियम, दोन्हीकडून खरे सांगावे. घरात कुणी आजारी असेल तर लपवू नये. आणि तिकडचे ऐकून आकांत करू नये. जो शांतपणे ऐकतो त्यालाच खरे ऐकायला मिळते.

चौथा नियम, कधी पत्र लिहावे. कागदावर हाताने चार ओळी लिहून त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवावे. फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते. आईच्या अक्षरातले चार शब्द लेकरू रात्री काढून पुन्हा वाचते. दिंडीतले भजन, शेतातला पहिला पाऊस, गाईचे वासरू, असे गावाकडचे काही त्यात असू द्यावे.

पाचवा नियम, निघण्यापूर्वी एका वहीत लिहून ठेवावे: संस्थेच्या येथील आणि तेथील कचेरीचा पत्ता व फोन, वरिष्ठांचे नाव, त्या देशातील भारतीय वकिलातीचा फोन, विम्याचा क्रमांक, पासपोर्टाची प्रत. आफ्रिकेतील अनेक देशांना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, आणि २०१६ पासून तो दाखला जन्मभर चालतो. पुढे कधी फोन लागेनासा झाला, तर तर्क लढवीत बसू नये, गावातल्या वावड्या ऐकू नयेत. वही उघडून संस्थेला विचारावे. पुष्कळदा तेथे नुसती वीज गेलेली असते.

एक शंका

कोणी विचारतील, "तिकडे एकादशी घडत नाही, माळ असून नेम चालत नाही, मग परमार्थाचे काय?" समाधान असे. रुग्णाच्या सेवेत उपास घडला नाही म्हणून पांडुरंग रुसत नाही. जो स्वतः सेवेकऱ्याची वाट पाहत उभा राहिला, त्याला सेवा कळते. आषाढीला फोनवर पंढरीचे दर्शन घडते, तेवढे एकत्र घ्यावे. इकडे आईने, तिकडे लेकराने, एकाच वेळी नाम घ्यावे. नामाला अंतर नाही.

परत आल्यावर

मुदत संपून लेकरू घरी येईल. तेव्हा दाराशीच 'आता लग्नाचं बघू, नोकरीचं बघू' असे लावू नये. त्याने तिकडे मरण जवळून पाहिलेले असते. काही दिवस ते गप्प राहील, राहू द्यावे. ताप आला तर डॉक्टरास 'हा अमुक देशातून आला आहे' हे आवर्जून सांगावे; हिवताप परतल्यावर काही आठवड्यांनीही उठतो. आणि आपल्याकडे वारीहून परतलेल्या वारकऱ्याच्या पाया पडण्याची रीत आहे, वयाचा विचार न करता. आईबापांनी लेकराच्या पाया पडावे असे आम्ही म्हणत नाही. पण तो वारी करून आला आहे हे मनात धरून त्याला पोटाशी घ्यावे.

सारांश, जवळ ठेवणे आणि जोडून राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आपल्या हातात नेहमी नसते. दुसरी असते. ज्यांची लेकरे आज दूरदेशी कुणाच्या उशाशी बसली आहेत, त्या सर्व मायबापांना पांडुरंग आपल्यासारखे उभे राहण्याचे बळ देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.