कपाशीचे अंतर आणि खत

नाशिक जिल्ह्यात मालेगाव, येवला, नांदगाव या भागांत कपाशी होते. लावणीच्या दिवसांत घरोघर बोलणे होते. धनी म्हणतो, "यंदा ओळी जवळ घेऊ. झाडे जास्त, कापूस जास्त."

घरची बाई म्हणते, "अहो, एका ताटात चौघे बसले तर पोट कुणाचे भरेल?"

हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन ओळींत ४ फूट आणि दोन झाडांत दीड फूट ठेवले, तर एकरी ७,२६० झाडे बसतात. ओळींत ३ फूट आणि झाडांत १ फूट ठेवले, तर १४,५२० बसतात. झाडे दुप्पट झाली. पण कापूस दुप्पट होत नाही. भारी काळ्या जमिनीत झाड फोफावते. दाटी झाली की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. पाते गळते. फवारा आत पोचत नाही.

मग अंतर खूप ठेवावे का? तेही नको. जमीन रिकामी पडते, तण माजते. हलक्या कोरडवाहू जमिनीत झाड लहान राहते. तिथे ओळी जवळ चालतात.

आता खत. युरियाच्या गोणीवर काय लिहिले आहे, ते वाचा. ४५ किलो, नत्र ४६ टक्के. म्हणजे एका गोणीत नत्र सुमारे २१ किलो. नत्राने झाड हिरवेगार होते. पण नत्र फार झाले की पानेच वाढतात, बोंडे उशिरा येतात. कोवळ्या पानांवर मावा आणि तुडतुडे येतात. दाट ओळी आणि वर जादा नत्र, मग शेतात नुसते रान होते. गोणीचा पैसाही जातो, बोंडेही जातात.

म्हणून अंतर आणि खत एकत्र ठरवावे. आधी माती तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ शिफारस करते. ती सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. नत्र एकदम टाकू नका. जोराच्या पावसात ते वाहून जाते. थोडे लावणीला, थोडे पाते लागताना, थोडे फुले-बोंडे धरताना द्या. जमिनीत ओल हवी. खत मातीआड करा.

यंदा दहा गुंठ्यांत अंतर बदलून पाहा. खत तेवढेच ठेवा. प्रत्येक वेचणीचा कापूस वेगळा तोला आणि वहीत लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. पुढच्या साली वही उघडा, म्हणजे घरात वाद राहणार नाही.

सांगा पाहू: तुमच्या शेतात एकरी किती झाडे आहेत?