काळ्या कातळातला चुना

आपला अहिल्यानगर जिल्हा म्हणजे काळ्या पाषाणाचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले व त्यांचा बेसाल्ट झाला. चुनखडक म्हटला की आपल्याला चंद्रपूर-यवतमाळ आठवते. तिकडचा चुनखडक या लाव्हाच्याही कितीतरी आधी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा आहे. मग पारनेर तालुक्यात वडगाव दर्याच्या घळीत, दर्याबाई-वेल्हाबाईच्या देवस्थानापाशी, कपारींच्या छताला चुन्याचे लवणस्तंभ लोंबतात ते कोठून आले?

सहावीत असताना शाळेच्या सहलीत मी ते प्रथम पाहिले. लवण म्हणजे मीठ, या समजुतीने बोटभर तुकडा मोडून जिभेला लावला. खारट लागला नाही. तरी तो दप्तरात घालून घरी आणला. आजही तो कोनाड्यात आहे.

यंदा भूगोलाच्या तासाला उलगडा झाला. बेसाल्टच्या खनिजांत कॅल्शियम असते. चुन्याच्या रूपात मोजले तर ते शंभरात सुमारे दहा भाग भरते. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्ल होते. खडकाच्या भेगांतून झिरपताना ते हे कॅल्शियम विरघळवून नेते. छताशी थेंब लोंबला की त्यातला वायू उडून जातो व कॅल्शियम कार्बोनेटचा सूक्ष्म थर मागे राहतो. छतापासून खाली वाढतो तो अधोमुखी स्तंभ, जमिनीवरून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी. घरी येऊन मी तुकड्याचा कोपरा खरवडला व भुकटीवर लिंबू पिळले. बारीक बुडबुडे आले.

प्रवराकाठच्या गाळातही विरघळलेला चुना असाच साचतो. तेथे पाणी मातीतच आटते आणि चुनखडीचे खडे बनतात. विहीर खणताना लागणारे असे खडे भट्टीत भाजून पूर्वी बांधकामाचा चुना करीत.

असे स्तंभ फार सावकाश वाढतात. चुनखडकाच्या गुहांत सर्वसाधारण वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी धरतात. माझा तुकडा सात सेंटिमीटरांचा आहे. या हिशेबाने त्याला सातशे वर्षे लागली असतील. नगर शहर वसले पंधराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे त्याच्याही आधीपासून तेथे थेंब गळत होता. मी तो तुकडा एका क्षणात मोडला, आणि आता तो पुन्हा जोडता येणार नाही.

वडगाव दर्याला सहल जाईल तेव्हा मित्रांनी डोळे भरून पाहावे. हात मात्र पाठीमागे ठेवावेत.