न धावलेले किलोमीटर कुठून येतात?

प्रश्न : माझं वय ४९, वजन ७२ किलो. काही वर्षांपासून नेमाने धावतो, अर्धमॅरेथॉन झाल्या आहेत. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे. आमच्या ग्रुपमधले जुने धावणारे सांगतात की सरावात ३२ किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मग जे अंतर पायांनी कधी पाहिलंच नाही, ते शर्यतीच्या दिवशी कसं निघणार? आणि बत्तीसच का? माझा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटांचा आहे. डिसेंबरात एकदा ४० करून बघावं, म्हणजे मनाची खात्री होईल, असं वाटतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बत्तीस या आकड्यात शरीरशास्त्र थोडं आणि मैल जास्त आहेत. मॅरेथॉनच्या सरावाची बरीच पुस्तकं अमेरिका-इंग्लंडातून आली. तिथे रस्ता मैलांत मोजतात, आणि वीस मैल म्हणजे ३२.२ किलोमीटर. वीस हा गोल आकडा, म्हणून तो रूढ झाला. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना ऑकलंडजवळच्या डोंगरांतून बावीस मैल पळवत, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. त्यांत ८०० मीटरचा ऑलिंपिक विजेता पीटर स्नेलही असे. तेव्हा बत्तीस ही काही लक्ष्मणरेषा नव्हे.

खरं तर ४२.१९५ हा आकडाही असाच योगायोगाने आला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत तेवढं अंतर भरलं, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. त्याआधी प्रत्येक शर्यतीचा रस्ता वेगळा असे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, तो रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता. ते एकोणिसावे आले. आपल्याकडे पहाटे उठून धावणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता तुमच्याकडे वळू. अव्वल धावपटू ३२ किलोमीटर दोन तासांच्या आत उरकतो. साडेसातच्या वेगाने तुम्हाला त्यालाच चार तास लागतील. स्नायू, सांधे आणि टाचा किलोमीटर मोजत नाहीत. आपण किती वेळ आपटले जातो आहोत, एवढंच त्यांना कळतं. म्हणून तुमच्या वयाच्या आणि वेगाच्या माणसाने लाँग रन घड्याळावर ठरवावा. साडेतीन तास ही वरची हद्द धरा. त्यात तुमचे २८ किलोमीटर होतात. तुमच्या मनात चाळीस आहेत, ग्रुप बत्तीस म्हणतो, आणि मी तुम्हाला अठ्ठावीसवर आणून ठेवतो आहे. याचं कारण नीट सांगायला हवं.

१९६६ मध्ये योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना ते बसले आणि दोघांनी एकेका पायाने पेडल मारलं. दुसरा पाय स्वस्थ. पाय पार थकेपर्यंत हे चाललं. मग सुईने दोन्ही मांड्यांमधून स्नायूचे कण काढून तपासले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जवळजवळ संपलं होतं. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि पुन्हा कण काढले. स्वस्थ बसलेल्या पायात फारसा फरक नव्हता. राबलेल्या पायात मात्र साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. रक्त तेच, जेवण तेच, तरी जो पाय आधी थकला आणि नंतर विसावला, त्यालाच जास्त मिळालं.

तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या प्रयोगात आहे. रविवारचे २८ किलोमीटर तुम्ही आठवडाभराच्या थकव्यावर धावता; शनिवारचे दहा-बारा पायांत असतात, साठा अर्धामुर्धा असतो, झोपही बेताची. मॅरेथॉनच्या पहाटे तुम्ही उभे राहाल ते दोन-तीन आठवडे सराव उतरवलेल्या, भात-पोळी-बटाट्याने भरलेल्या पायांवर. त्या दिवशीचे पाय वेगळेच असतात, त्यामुळे सरावातल्या अठ्ठावीसाव्या किलोमीटरवर आलेल्या थकव्याची तुलना शर्यतीतल्या अठ्ठावीसाव्याशी करता येत नाही.

पण नुसत्या साठ्यावर बेचाळीस निघत नाहीत, तेही खरं. धावताना किलोला किलोमीटरमागे ढोबळमानाने एक कॅलरी लागते. तुमच्या ७२ किलोंना पूर्ण अंतराला तीन हजारांच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून भरलेला साठा दोन हजारांच्या घरातला. ही तूट चरबीने भरून काढायची असते. चरबी अंगावर मुबलक असते, पण ती सावकाश जळते आणि वेग वाढला की शरीर तिच्याऐवजी साखरेकडे वळतं. म्हणून सगळे लाँग रन इतके हळू हवेत की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. त्या मंद तासांनीच स्नायूंमध्ये चरबी जाळण्याची यंत्रणा वाढते. हळू धावायची लाज वाटून दर रविवारी स्पर्धा करणारे लोक ही यंत्रणा उभीच राहू देत नाहीत, आणि पुढे तीस-बत्तीसाव्या किलोमीटरला त्यांना 'भिंत' लागते, म्हणजे साखर संपून पाय अडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मेहनत त्यांनीच सगळ्यांत जास्त घेतलेली असते.

आता वयाचा मुद्दा, आणि इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा दम लवकर वाढतो. काही आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, दोन-तीन महिन्यांत माणूस स्वतःवरच खूश होतो. टाचेमागची अकिलीस कंडरा मात्र या गतीने चालत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढत्या वयात असलेल्यांच्या शरीरात शिरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्यांच्या अकिलीस कंडरेत हा कार्बन मोजला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ नव्याने घडतच नाही. म्हणजे तुमच्या टाचेमागे आज जी दोरी आहे, ती गाभ्यात तुमच्या शाळा-कॉलेजच्या वयाचीच आहे.

ती बळकट होत नाही असं नाही. भार दिला की कंडरा ताठर होते, पण त्याला महिने लागतात, आणि भार हप्त्याहप्त्याने यावा लागतो. छाती म्हणते अजून दहा सहज जाऊ, आणि टाच त्या दहांसाठी तयार नसते. चाळिशी-पन्नाशीतल्या धावणाऱ्यांच्या कितीतरी दुखापती या मधल्या फटीत होतात. डिसेंबरात ४० किलोमीटर, म्हणजे तुमच्या वेगाने पाच तास, धावलात तर पहिल्यांदा किंमत मोजेल ती कंडरा आणि पोटऱ्या. इतक्या लांब धावल्यावर स्नायूंची पुरती डागडुजी व्हायला दोन ते चार आठवडे जातात. मनाची खात्री होईल, पण ती शर्यत जानेवारीऐवजी डिसेंबरातच धावून झालेली असेल.

इथे कुणीतरी एड व्हिटलॉक यांचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. कॅनडातले हे गृहस्थ २००४ मध्ये ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावले. घराजवळच्या कबरस्तानात ते फेऱ्यांवर फेऱ्या मारत, संथ पावलांनी, तीन तीन तास. म्हणजे जवळपास शर्यतीइतकाच वेळ ते सरावात पायांवर असत. पण तिथवर ते वर्षानुवर्षं मिनिटं वाढवत पोहोचले, आणि गुडघा कुरकुरला की महिनोन्महिने थांबत. त्यांचा धीर घ्यावा. त्यांचे तीन तास उचलून स्वतःच्या पाच तासांना आधार करू नये.

तुम्हाला अठ्ठावीस ते बेचाळीसमधले किलोमीटर आठवड्यांच्या बेरजेतून मिळतील. आठवड्यात चार दिवस धावा, मिळून ४५-५० किलोमीटरपर्यंत हळूहळू चढा, आणि दर चौथ्या आठवड्याला उतरा. शनिवारी मध्यम अंतर, रविवारी लांब: शनिवारचा थकवा घेऊन रविवारी निघालात की शेवटच्या तासाचे पाय कसे असतात ते तुम्हाला अठ्ठावीसातच कळतं. धावायचं नसेल त्या दिवसांपैकी दोन दिवशी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर, पुढे एकेकावर. कंटाळवाणं आहे, पण आपल्या वयात याला पर्याय मला माहीत नाही.

लाँग रनमध्ये खायचीही सवय करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आतड्यांना पेलली पाहिजेत. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, जेल, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, काय मानवतं ते सरावातच ठरवा. पाणी तहानेप्रमाणे, भीतीपोटी लिटरभर जास्त पिणं घातक ठरू शकतं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. आणि सराव वाढवण्याआधी रक्तदाब, साखर, ईसीजी करून डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चढावर छातीत जड वाटत असेल, तर स्ट्रेस टेस्टशिवाय पुढे जाऊ नका.

नाशिककर म्हणून तुम्हाला एक वेगळी अडचण आहे. डिसेंबरात तुमच्याकडे पहाटे स्वेटर लागतो. मुंबईची शर्यत अंधारात सुरू होईल, पण तुमच्या वेगाने ती संपायला सव्वापाच तास लागतील. पेडर रोडचा चढ पाय संपत आलेले असताना समोर येतो आणि तोवर ऊन चांगलंच वर आलेलं असतं, शिवाय समुद्राची दमट हवा. शरीराला उकाड्याशी जुळवून घ्यायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छोटे रन पहाटे न करता सकाळी साडेनऊ-दहाच्या उन्हात करा.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून तीन आठवडे मागे मोजलं की दरवर्षी डिसेंबरचा शेवटचा रविवारच येतो. तुमचा शेवटचा लांब रन त्या दिवशी, २८ किलोमीटर, त्यापुढे एकही नाही. नंतर अंतर कमी करत शेवटच्या आठवड्यांत निम्म्यावर आणा, अधूनमधून थोडा वेग ठेवा. याच दिवसांत पाय हलके वाटतील आणि ग्रुपमधलं कुणीतरी 'चल, एकदा ३५ मारून येऊ' म्हणेल. त्याला नाही म्हणा, आणि घरी जाऊन नीट जेवा.